निळे दूध आणि अळणी नैवेद्य

तिरुनागेश्वरम् हे तमिळनाडूत कुंभकोणमच्या पूर्वेला सुमारे सहा किलोमीटरवरचे छोटे गाव. गावात दोन मोठी देवळे आहेत : नागनाथस्वामींचे शैव आणि उप्पिलिअप्पनचे वैष्णव. पहिल्यात राहूच्या मूर्तीवर घातलेले दूध निळे होते आणि दुसऱ्यात देवाला मिठाचा कणही चालत नाही, एवढी दोन नवले दक्षिणेच्या यात्रेहून आलेला माणूस हमखास सांगतो. मात्र या गावाच्या खऱ्या नवलाच्या गोष्टी बहुतेक वेळा सांगायच्या राहून जातात.

कुंभकोणमच्या आसपास नवग्रहांची नऊ क्षेत्रे आहेत. त्यांत तिरुनागेश्वरम् राहूचे मानले जाते. तरीही राहू इथला मुख्य देव नाही. गाभाऱ्यात शिवलिंग आहे आणि राहूचे स्थान प्राकारात, नैर्ऋत्य कोपऱ्यात आहे. ज्योतिषात नैर्ऋत्य ही राहूचीच दिशा. नऊ क्षेत्रांपैकी ग्रह स्वतः मुख्य देव आहे असे देऊळ एकच, सूर्यनार कोविल. बाकीची सगळी मुळात शिवमंदिरे. आणखी एक गंमत म्हणजे ‘तमिळनाडूतली नवग्रह मंदिरे’ हा शब्दप्रयोगही काटेकोर नाही. शनीचे तिरुनळ्ळार हे कारैकल भागात, म्हणजे पुदुच्चेरी या केंद्रशासित प्रदेशात येते. १९५४ पर्यंत तिथे फ्रेंचांचा अंमल होता, त्यामुळे नवग्रहांची यात्रा पूर्ण करायला तेव्हा परक्या मुलखात जावे लागे.

राहू म्हटले की धडाविना मुंडके किंवा सर्पाचे शरीर डोळ्यांसमोर येते. तिरुनागेश्वरममध्ये तो पूर्ण मानवी रूपात बसलेला आहे, शेजारी नागवल्ली आणि नागकन्नी या दोन पत्नी. राहूकाळात त्याला दुधाचा अभिषेक होतो. मूर्तीवरून ओघळताना दूध निळसर दिसते आणि खाली पोचले की पुन्हा पांढरे, असे भाविक सांगतात. गोष्ट पुढे सांगताना हा दुसरा भाग सहसा गाळला जातो, पण सगळ्यात बोलका तोच आहे.

दुधात स्निग्धाचे बारीक थेंब आणि केसिन या प्रथिनाचे त्याहून सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. हे सूक्ष्म कण निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त विखुरतात. थर जाड असेल तर प्रकाश आत पुन्हा पुन्हा विखुरला जाऊन सगळेच रंग बाहेर येतात आणि दूध पांढरे दिसते. थर पातळ असेल आणि मागे काळा पृष्ठभाग असेल, तर तांबडा-पिवळा भाग आरपार जाऊन काळ्यात मुरतो, परत येतो तो मुख्यतः निळसर उजेड. साय काढलेल्या दुधाला निळी झाक येते ती यामुळेच. जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात असे प्रयोग केले आणि आज हा परिणाम त्याच्या नावाने ओळखला जातो. काळ्या मूर्तीवरचा पातळ ओघळ निळसर आणि खाली साचलेले दूध पांढरे, हा क्रम या नियमाशी जुळतो. मूर्तीवरच्या निळेपणात त्याचा वाटा किती, हे मात्र नुसत्या नजरेने ठरणार नाही, मोजणीच करावी लागेल. श्रद्धेला त्याने धक्का लागण्याचे कारण नाही. अभिषेक निळ्या रंगासाठी नव्हे, राहूसाठी केला जातो.

राहूकाळ रोज दीड तासाचा असतो, हाही एक पसरलेला समज. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे आठ भाग करून त्यातला वारानुसार ठरलेला एक भाग म्हणजे राहूकाळ. दिवस बारा तासांचा असेल तेव्हाच तो दीड तासाचा होतो. मुंबईत डिसेंबरात दिवस सुमारे अकरा तासांचा असतो, तेव्हा राहूकाळ ऐंशी-ब्याऐंशी मिनिटांत आटोपतो. जूनमध्ये तोच शंभर मिनिटांच्या जवळ जातो. सोमवारी दुसरा भाग, शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा आणि रविवारी आठवा. पहिला भाग कोणत्याच वाराला राहूकडे जात नाही. रविवारचा भाग शेवटचा, म्हणूनच तिरुनागेश्वरममध्ये त्या दिवशी संध्याकाळी साडेचार ते सहाच्या सुमाराला गर्दी असते.

राहू आकाशात दिसत नाही, कारण तो मुळी गोल नाहीच, बिंदू आहे. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे पाच अंशांचा कोन करते. या दोन पातळ्या जिथे छेदतात ते दोन पात म्हणजे राहू आणि केतू. कोन नसता तर दर अमावास्येला सूर्यग्रहण आणि दर पौर्णिमेला चंद्रग्रहण झाले असते. सूर्य आणि चंद्र या पातांजवळ आले तरच ग्रहण लागते. राक्षस सूर्याला गिळतो, ही कथा म्हणजे याच भूमितीचे पुराणातले रूप. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये रचलेल्या ‘आर्यभटीया’त ग्रहणांचे कारण छाया असेच सांगितले आहे. युरोपातही या पातांना ड्रॅगनचे डोके आणि शेपूट म्हणत. चंद्र एका पातापासून पुन्हा त्याच पाताशी येईपर्यंतच्या सुमारे सव्वासत्तावीस दिवसांच्या महिन्याला खगोलशास्त्रात आजही ड्रॅगनचेच नाव आहे. पात उलट्या दिशेने सरकत १८.६ वर्षांत राशिचक्राची एक फेरी पुरी करतात. म्हणजे एका राशीला साधारण दीड वर्ष. तिरुनागेश्वरममधला राहूच्या राशिबदलाचा मोठा उत्सव वार्षिक नाही, दीड वर्षाने येतो, तो या हिशोबामुळे.

गावातले दुसरे देऊळ वैष्णवांच्या १०८ दिव्य देशांपैकी एक. कथा अशी की मार्कंडेय ऋषींना तुळशीजवळ एक मुलगी सापडली, ती भूदेवी. म्हाताऱ्या ब्राह्मणाच्या वेषात विष्णूने तिला मागणी घातली. ती लहान आहे, तिला मीठ घालून स्वयंपाकही करता येत नाही, अशी सबब ऋषींनी सांगितली. मग अळणीच खाईन, असे म्हणून देवाने मुलगी मिळवली. तेव्हापासून इथला नैवेद्य अळणी. चिंचेचा भातसुद्धा बिनमिठाचा असतो आणि तो खाणारे सांगतात की मीठ नसल्याचे जाणवत नाही. देवळात मीठ किंवा मिठाचा पदार्थ नेणे दोषाचे मानतात. विष्णुमंदिरात सहसा देवीचे वेगळे देऊळ असते, इथे मात्र भूदेवी गाभाऱ्यातच, देवाजवळ आहे. तिरुपतीला जाता आले नाही तर बालाजीचा नवस इथे फेडला तरी चालतो, अशीही समजूत आहे.

सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट एका मंत्र्याची. तमिळमध्ये ६३ शैव संतांची चरित्रे सांगणारा ‘पेरिय पुराणम्’ हा ग्रंथ बाराव्या शतकात रचला गेला. त्याचा कर्ता सेक्किळार हा दुसऱ्या कुलोत्तुंग चोळाच्या दरबारी मंत्री होता. त्याचे गाव चेन्नईजवळचे कुंड्रत्तूर. तिरुनागेश्वरमच्या शिवावर त्याची एवढी भक्ती की त्याने आपल्या गावी नागेश्वराचे देऊळ उभारले आणि त्यालाही तिरुनागेश्वरम् हेच नाव मिळाले. आज चेन्नईच्या परिसरात नवग्रहांच्या नऊ देवळांची स्वतंत्र यात्रा चालते आणि तिच्यात राहूचे स्थान हेच कुंड्रत्तूरचे देऊळ आहे. नकलेने मूळ गावाचा मानही उचलला, असे उदाहरण विरळाच.

नावाचा घोळ इथेच संपत नाही. खुद्द कुंभकोणम शहरातही नागेश्वराचे प्राचीन चोळकालीन मंदिर आहे. त्याचा मंडप दगडी चाकांच्या रथासारखा घडवलेला असून तमिळ चित्तिरै महिन्यात काही दिवस सूर्याचे किरण थेट लिंगावर पडतात. ते देऊळ आणि तिरुनागेश्वरमचे देऊळ एक समजून पत्ता चुकणारे पुष्कळ. शिवरात्रीच्या चार प्रहरांत नागराजाने कुंभकोणम, तिरुनागेश्वरम्, तिरुप्पाम्पुरम् आणि नागपट्टिणम् अशा चार ठिकाणी पूजा केली, असे स्थानिक परंपरा सांगते. त्यामुळे ही दोन देवळे एकाच यात्रेत येतात.

मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. व्यंकोजींनी सतराव्या शतकात तंजावर घेतल्यापासून १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती. तिरुनागेश्वरमच्या पुढचे रेल्वे स्टेशन तिरुविडैमरुदूर. १७९८ मध्ये गादीवरून उतरवलेला अमरसिंह भोसले तिथे येऊन राहिला आणि संगीताला आश्रय देत राहिला. त्याच भागात गोविंदपुरम् इथे २०११ मध्ये विठ्ठल-रखुमाईचे भव्य मंदिर उभे राहिले आहे. तिरुनागेश्वरमची यात्रा करणाऱ्याने अर्धा दिवस हाताशी ठेवला, तर अळणी प्रसादानंतर विठोबाचेही दर्शन होते.