आधी डबा, मग फळी

वसई किल्ल्याला लागून असलेल्या पाचूबंदरच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायच्या वलांड्या उभ्या असतात. वलांडीवरचा माल पावसाच्या आत घरात येतो आणि तिथून ओट्याखालच्या कपाटाची परीक्षा सुरू होते. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, म्हणून सुके बोंबील, जवळा, करंदी ही पावसाळ्याची बेगमी. दमट हवा लागली की सुकटीला बुरशी धरते. झाकण सैल राहिले की शेजारच्या पिठाला वास लागतो. त्यातच वर्षाच्या मसाल्याची भर. वसईच्या ख्रिस्ती घरांतला बाटली मसाला तर गडद रंगाच्या बिअरच्या बाटल्यांत ठासून भरतात. त्याचे नावच त्यावरून पडले. तयार मॉड्युलर कपाट ४५०, ६००, ९०० मिलिमीटर अशा ठरीव रुंदीत येते. त्याच्या कारखान्याला ना सुकट ठाऊक, ना बाटली. अशा घरात कपाटाची आतली मांडणी सुतारकामातून उरलेल्या तुकड्यांतून केलेली बरी, असे माझे म्हणणे आहे. पैसे वाचतात ही त्यातली दुय्यम गोष्ट. तुकडा हाती असला की आत काय ठेवायचे ते आधी मोजावे लागते, हे मुख्य कारण.

हिशेब करून पाहू. प्लायची पाटी ८ फूट बाय ४ फूट. ओट्याखालच्या कपाटाच्या बाजू २२ इंच खोल धरल्या तर ४८ इंचांच्या रुंदीत दोन पट्ट्या बसतात आणि ४ इंच उरतात. पाव इंच करवतीच्या भुशात जातो. हाती राहते ती पावणेचार इंच रुंद, ८ फूट लांब पट्टी. सुतार ती वेस्टेज म्हणून भिंतीला टेकवून ठेवतो. पण मसाल्याच्या बुटक्या डब्यांच्या खणाला कड लागते ती एवढीच. १८ इंच रुंद, २० इंच खोल खणाच्या चार कडांना फार तर ७६ इंच लागतात. ९६ मधले २० इंच शिल्लक राहतात. प्लाय पाऊण इंच जाड, म्हणून खणाची आतली रुंदी साडेसोळा इंच. त्या शिलकेतून मधला आडवा पडदाही निघतो. तळाला पाठीच्या ६ मिलिमीटर प्लायचा तुकडा. दुसऱ्या पाटीतून अशीच पट्टी निघाली की ती आडवी घालून अरुंद बाटलीखण होतो: बाटलीचा व्यास साधारण तीन इंच, म्हणजे वीस इंचांत सहा बाटल्या एका रांगेत. बाटली उंच असल्याने मधोमध एक आडवी काठी हवी, नाहीतर खण ओढताच बाटल्या कलंडतील. खणांचे एकही माप दुकानातल्या पुस्तिकेतून आलेले नाही. सगळी मापे हातातली पट्टी, बाटली आणि डबे मोजून आली.

ठरीव मापांच्या बाजूने बोलणारे वास्तुविशारद मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की यांच्या १९२६ सालच्या फ्रँकफर्ट किचनचा दाखला देतील. तोच दाखला माझ्या बाजूने आहे. ते स्वयंपाकघर हजारो घरांत एकसारखे बसले खरे, पण आधी बाईची पावले आणि जिन्नस मोजले गेले. पिठाला कीड लागू नये म्हणून पिठाचा खण ओकच्या लाकडाचा केला होता. जिन्नस ओळखून खण करायचा, हा त्यातला खरा धडा. आपण मात्र नक्कल केली ती मापांची. बंदरावर हे वेगळे सांगायची गरज पडू नये. होडीच्या पोटातला बर्फाचा नि मासळीचा खण शोभेसाठी केलेला नसतो.

आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही वजनदार. पहिला मालाचा. उरलेला तुकडा कुठल्या प्रतीचा, हे कळत नाही. साधा कमर्शियल प्लाय खाऱ्या, दमट हवेत फुगतो. म्हणून तुकड्यावर मरीन प्लायचा, म्हणजे आयएस ७१० चा शिक्का दिसला तर तो सिंकजवळ वापरावा. या प्रतीच्या प्लायचा नमुना ७२ तास उकळून पारखतात. बिनशिक्क्याचा तुकडा कोरड्या बाजूला ठेवावा, आणि कापलेली कड कधीच उघडी सोडू नये, कारण पाणी शिरते ते कडेतून. बंदरावर हाताशी येणारी जुन्या होडीची फळी दिसायला मजबूत असते, पण मीठ, तेल आणि रंग प्यालेली. मीठ हवेतली ओल ओढते. घरगुती रंगातल्या शिशावर कायद्याने ९० पीपीएमची मर्यादा आली ती २०१७ मध्ये. अशी फळी अन्नाच्या खणात नको. दुसरा आक्षेप मजुरीचा: माल फुकट, पण सुताराचा दिवस फुकट नसतो. हे खरे आहे. म्हणून सबंध कपाट तुकड्यांचे करण्याचा हट्ट नसावा. सांगाडा अखंड पाटीचा, आतले खण तुकड्यांचे, आणि तेही सुतार पाट्या कापत असतानाच कापून घ्यायचे. नंतर खास बोलावले की बचत संपली. खण सरकवायचे टेलिस्कोपिक चॅनलही खाऱ्या हवेत गंजून अडते. तिथे लाकडी पट्टीवर सरकणारा खण आणि त्या पट्टीवर घासलेली मेणबत्ती पुरते, फक्त स्क्रू स्टेनलेसचे हवेत.

एक जागा मात्र रिकामीच ठेवावी. सिलिंडरच्या शेजारची मोकळी हात-दीड हात जागा पाहून तिथे फळी ठोकायचा मोह होतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर खाली साचतो आणि बाहेर जायला त्याला तळाशी वाट लागते. तिथे तुकडा बसतो की नाही, हे मोजायचेच नाही. बाकी कपाटात मात्र सुकटीचा घट्ट झाकणाचा डबा पिठापासून किती लांब, बाटली किती उंच, रोज लागणारा तवा कुठल्या हाताला, हे खडूने जमिनीवर आखून मगच करवत उचलावी. एवढे करून जो तुकडा कुठेच बसला नाही, तोच खरा वेस्टेज.