सहलीतले जेवण आणि शेंगदाण्याची अॅलर्जी

सुट्टीत विहारांतून मुलांच्या सहली थीम पार्कला निघतात. आपल्याला भीती उंच पाळण्यांची वाटते. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या मुलाला धोका ताटात असतो. भाजी, कोशिंबीर, चटणी यांत कूट इतके सवयीचे, की वाढणाऱ्याला ते आठवतही नाही. म्हणून "दाणे आहेत का?" एवढ्यावर आम्ही थांबत नाही, कूट, तेल, तळणीची कढई, सगळे विचारतो. केंद्रीय परवाना किंवा १० शाखा असलेल्या उपाहारगृहांना अॅलर्जीकारक घटकांची माहिती देणे २०२२ पासून बंधनकारक आहे. ती हक्काने मागावी. "थोडंसं खाल्लं तर काय होतंय?" म्हणणाऱ्या आपल्याच मावशींना समजावणे जास्त कठीण! घरचा डबा आत नेता येईल का, हे आधीच फोनवर विचारावे.

खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजली, धाप लागली, भोवळ आली, तर अॅलर्जीची गोळी देऊन वाट पाहू नये. डॉक्टरांनी लिहून दिलेले अॅड्रेनलिनचे इंजेक्शन, ते द्यायला शिकलेल्या माणसाने, मांडीच्या बाहेरच्या बाजूला लगेच द्यावे आणि १०८ला फोन करावा. मुलाला आडवे ठेवावे, धाप असेल तर बसवावे, चालवू नये. इंजेक्शन सोबतच्या मोठ्या माणसाजवळच असावे, बसमध्ये किंवा लॉकरमध्ये नको.