मिठाला साखरेची सोबत

पोराला ढाळ लागले की घरातले कुणीतरी म्हणते, "पाणी देऊ नका, पोटात ठरायचे नाही." आणि तिथेच घात होतो. ढाळातून जाते ते मुख्यतः पाणी आणि मीठ. ते भरून निघाले नाही तर तान्हे मूल एका दिवसात हाताबाहेर जाऊ शकते.

मग नुसते पाणी पाजावे का? तेवढ्याने भागत नाही. का, ते पाहू.

कैरीच्या फोडींना मीठ चोळले की थोड्या वेळात पाणी सुटते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. आपले शरीर अशाच बारीक पेशींचे बनलेले आहे. पेशीच्या पातळ आवरणातून पाणी ये-जा करते. जिकडे मीठ-साखर जास्त, तिकडे ते ओढले जाते. मीठ आणि साखर यांना मात्र ठरावीक दारांतूनच आत जावे लागते.

पटकीसारख्या रोगात आतड्यातली मिठाची काही दारे बंद पडतात. पण एक दार चालू राहते. त्याची अट एकच : मीठ आणि ग्लुकोज जोडीने आले पाहिजेत. आपल्या साखरेपासून आतड्यात ग्लुकोज मिळते. ही जोडी आत गेली की मागोमाग पाणीही जाते. हे जोडदार रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली मांडले.

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली, सलाईनच्या बाटल्या पुरेनात. तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी रोग्यांना पाजले. नातेवाइकांनीच ते घोटघोट दिले. एरवी अशा साथीत शंभरातले तीसपर्यंत दगावत. तिथे मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले.

हीच आपली जलसंजीवनी. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात अख्खी पुडी विरघळवा. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घाला. अंदाजाने घालू नका. साखर जास्त झाली तर कैरीसारखे पेशींतले पाणी आतड्यात ओढले जाते आणि ढाळ वाढतात. मीठ जास्त झाले तर जिवाला धोका.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने द्या. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करा. अंगावरचे दूध तोडू नका. उरलेले पाणी दुसऱ्या दिवशी वापरू नका.

डोळे खोल गेले, मूल मलूल पडले, पिईनासे झाले, लघवी थांबली किंवा शौचातून रक्त पडले, तर वाटेत पाजत पाजत दवाखाना गाठा. जस्ताच्या गोळ्यांबद्दलही तिथे विचारा.

हे प्रमाण आजच चुलीजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा. रात्री-अपरात्री शोधत बसायला वेळ नसतो.