धूर की वाफ?

बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतो म्हटलं की कोल्हापुरातल्या घरात पहिला प्रश्न येतो, "मग पुढं काय, मास्तर होणार काय?" प्रश्न खोचक असला तरी खुळा नाही. या विषयाच्या पदवीधराला सरळ दिसणारी वाट प्राध्यापकीची, आणि ती चिंचोळी आहे. एम.ए. करा, नेट किंवा सेट पार करा आणि मग जागा निघायची वाट बघा. वर्गात मुलं कमी असली की त्या जागेचं काय होतं, हे सांगायला नको. म्हणून नुसत्या या पदवीवर नोकरी मिळेल, असं आश्वासन कुणी देऊ नये. ही पदवी अर्धी शिदोरी आहे. तिच्या जोडीला दुसरा एखादा व्यवसाय शिकणाऱ्याला तिचा उपयोग होतो, आणि कधी कधी त्या व्यवसायातल्या इतरांपेक्षा जास्त होतो.

याची साक्ष कोल्हापुरातच सापडते. राजाराम कॉलेजात तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र शिकवणारे ना. सी. फडके महाराष्ट्राला ठाऊक झाले ते कादंबरीकार म्हणून. 1940 साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, 1962 मध्ये पद्मभूषण. कादंबरी कशी रचली जाते याची त्यांनी 'प्रतिभासाधन'मध्ये जी फोड केली, तिच्यात वर्गात तर्क शिकवणारा माणूस लपत नाही. (याच गावात राहणाऱ्या वि. स. खांडेकरांशी त्यांचं नाव ज्या 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' या वादात जोडलं जातं, तो वादही मुळात तत्त्वज्ञानाचाच.) कोल्हापूरबाहेरचं उदाहरण मे. पुं. रेगे यांचं. ते मुंबईच्या कीर्ती कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. 'नवभारत' मासिकाचं संपादन त्यांनी केलं आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनंतर वाईच्या मराठी विश्वकोशाचे ते प्रमुख संपादक झाले. एकाच शब्दाचे दोन अर्थ वेगळे ठेवायचे, नोंदीत काय घ्यायचं नि काय सोडायचं हे ठरवायचं, या कामाला याहून चांगली तालीम कुठली? यावर कुणी म्हणेल, ही माणसं मुळातच असामान्य, शिवाय दोघांनाही कॉलेजचा पगार होता. आक्षेप रास्त आहे. गाजलेल्या नावांवरून सर्वसाधारण विद्यार्थ्याचं भवितव्य ठरवणं हा तर्कदोषच. या दोघांवरून एवढंच सिद्ध होतं की ही विद्या दुसऱ्या कामात उतरते. पगाराची सोय आजच्या विद्यार्थ्याला वेगळी करावी लागेल.

ती सोय वकिलीत होऊ शकते. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर, गुणांची अट आणि प्रवेश परीक्षा पार करून, तीन वर्षांची एलएल.बी. करता येते. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांची प्रकरणं इथे येऊ लागली. या कामात तत्त्वज्ञान कुठे उपयोगी पडतं, हे पाहायला भारतीय तर्कशास्त्रातलं, म्हणजे न्यायदर्शनातलं, जुनं उदाहरण घ्या : डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. हे उदाहरण आपल्या गुऱ्हाळावर आणून पाहा. लांबून पांढरा लोट दिसला. तो चुलवणातल्या चिपाडांचा धूर की काहिलीतल्या उकळत्या रसाची वाफ? वाफेला धूर समजलं तर पुढचं अनुमान कितीही सफाईदार असो, त्याचा पायाच कच्चा. उलटतपासणीत चांगला वकील साक्षीदाराला नेमकं हेच विचारतो : तुम्ही काय पाहिलं, आणि काय पाहिलं असं धरून चाललात? मग बारावीनंतर थेट पाच वर्षांचा लॉचाच कोर्स का नको? ज्याला वकीलच व्हायचंय आणि ज्याच्या घरी लवकर कमाईची निकड आहे, त्याने तोच घ्यावा. पदवी आणि मग एलएल.बी. या वाटेने एक वर्ष जास्त लागतं, आणि ते कुणाच्या तरी खिशातून जातं.

स्पर्धा परीक्षांबद्दल बोलताना मात्र जरा सावध राहावं. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा 500 गुणांचा वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो आणि 2013 पासून नीतिशास्त्राची 250 गुणांची प्रश्नपत्रिका सगळ्यांनाच सोडवावी लागते. फायदा आहे, पण मोजक्या जागांसाठी लाखो जण उतरतात. परीक्षेला योजना म्हणावं, पण तीच एकमेव योजना असू नये.

आणखी एक जागा आहे, तिची चर्चा फारशी होत नाही. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी 2019 च्या नियमांनुसार नीतिसमिती लागते. किमान सात सदस्य, आणि डॉक्टर-वकिलांबरोबर समाजशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ किंवा नीतिज्ञ अशांपैकी कुणीतरी एक. ही पूर्णवेळ नोकरी नव्हे, यावर घर चालत नाही. पण काम खरं आहे. समितीपुढे रुग्णाच्या संमतीपत्राचा मराठी मसुदा येतो. त्यात 'मी स्वेच्छेने सहभागी होत आहे' असं छापलेलं असतं. शाहूवाडीच्या एखाद्या वाडीवरून आलेल्या ज्या रुग्णाला एरवी हे औषध परवडणारच नाही, त्याच्या अंगठ्याला 'स्वेच्छा' म्हणायचं का, हे त्या टेबलाशी बसलेल्या कुणाला तरी विचारावं लागतं.