सफाई झाली आणि आईचा आवाज गेला

आपल्या प्रत्येक घरात एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात रेशनकार्ड, जातीचा दाखला, शाळेचे दाखले, थोरल्यांचा एखादा पिवळा पडलेला फोटो. जयंतीच्या आधी घर झाडताना बायाबापड्या कोपरान्‌कोपरा धुऊन काढतात. पण त्या पेटीवर केरसुणी चालवत नाहीत. आत काय आहे हे त्यांना ठाऊक असते.

आता ही पेटी संगणकात आणि मोबाइलमध्ये गेली आहे. तिथली केरसुणी मात्र माणसाच्या हातात नाही. आमच्या घरी काय झाले ते सांगतो.

सन २०२३चा एप्रिल. वस्तीतल्या जयंतीच्या फलकाचे काम आमच्या घरच्या संगणकावर चालले होते. यंत्र फार हळू चालू लागले म्हणून पुतण्याने इंटरनेटवरून साफसफाईचा एक फुकटचा प्रोग्राम उतरवून घेतला आणि बटण दाबले. पाच मिनिटांत पडद्यावर आले, नऊ जीबी जागा मोकळी झाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. फलक वेळेत झाला, मिरवणूक झोकात निघाली. कोणाला काही कळले नाही.

कळले जूनमध्ये. मुलगी बारावी झाली होती. अभियांत्रिकीच्या प्रवेशाला जात पडताळणीचे प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जातीचा दावा असेल तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आम्ही बौद्ध; पण त्या काळच्या शाळेच्या नोंदीत जात ‘महार’ असते, आणि तोच कागद लेकरांच्या कामी येतो. वडिलांचा १९४५ सालचा शाळेचा दाखला आमच्याकडे होता. २६ जुलै २००५च्या पुरात तो भिजला, वाळवून जपला. २०२२च्या डिसेंबरात स्कॅन करताना घडीवर त्याचे तुकडेच पडले. झेरॉक्सवाल्याने स्कॅन व्हॉट्सॲपवर पाठवला, तो संगणकात उतरवला. पुढे मोबाइल भरला तेव्हा मुलीने तो निरोप पुसला. संगणकात आहेच की!

संगणक उघडला, तर ‘डाउनलोड्स’चा फोल्डर रिकामा.

मग आमच्या काळजात धस्स झाले ते दुसऱ्याच गोष्टीने. २०१७ साली आम्ही आईचे बोलणे मोबाइलवर टेप केले होते. दहा वर्षांची असताना ती बापाच्या खांद्यावर आणि पायी अशी नागपूरला गेली होती, १४ ऑक्टोबर १९५६च्या दीक्षेला. पांढरे लुगडे कोणाकडून उसने आणले, भाकरी कशात बांधली, परत येताना आजीने घरातले देव कुठे टाकले, सगळे तिने सांगितले होते. मधेच दोन गाणी म्हटली होती. चाळीस मिनिटे. आई २०२१ साली गेली. २०२२मध्ये संगणकाला नवी डिस्क बसवली, तेव्हा पुतण्याने जुन्या डिस्कवरचे सारे एका बॅकअप फाइलमध्ये बांधून नव्या डिस्कवर ठेवले. एक प्रत पेनड्राइव्हवर. जुनी डिस्क भंगारात गेली. आणि जयंतीच्या गाण्यांसाठी तो पेनड्राइव्ह रिकामा केला. संगणकात आहेच की! म्हणजे बॅकअप म्हणत होतो ती आता एकुलती एक प्रत झाली होती, आणि तीही गेली.

पुतण्या रडकुंडीला आला. त्याचा दोष थोडाच. ही यंत्रे कशी चालतात ते आम्हालाही नंतर समजले. सफाईचा प्रोग्राम फाइलच्या आत बघत नाही. ती कुठे ठेवली आहे, किती जुनी आहे आणि नावाचे शेपूट काय आहे, एवढ्यावर निकाल देतो. बॅकअपच्या फाइलला पुष्कळदा ‘.बीएके’ असे शेपूट असते आणि असले कित्येक प्रोग्राम ते शेपूट दिसले की कचरा समजतात. ज्या नावावरून आपण तिला जपायचे, त्याच नावावरून यंत्राने तिला फेकले! कचरापेटीही त्याने स्वतःच रिकामी केली.

दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्याने पहिला प्रश्न केला, ‘डिस्क फिरणारी की एसएसडी?’ जुन्या फिरणाऱ्या डिस्कवर फाइल पुसली तरी तिच्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ती खाली शिल्लक असते, शोधून काढता येते. म्हणून फाइल गेल्याचे दिसताच त्या डिस्कवर काही नवे उतरवायचे नाही, संगणक सरळ बंद करायचा. एसएसडीवर मात्र पुसलेली जागा यंत्र स्वतःच मागाहून खरोखर रिकामी करते. आमची एसएसडी होती आणि मधे दोन महिने गेले होते. ‘काका, पैसे नका घालवू,’ तो म्हणाला. माणूस प्रामाणिक निघाला.

आमच्यासारखे पुष्कळ आहेत. विंडोजच्या ऑक्टोबर २०१८च्या सुधारित आवृत्तीने काही लोकांचे कागदपत्रांचे फोल्डरच पुसले, तेव्हा मायक्रोसॉफ्टला ते वाटप काही काळ थांबवावे लागले. त्याच आवृत्तीत ‘डिस्क क्लीनअप’च्या यादीत ‘डाउनलोड्स’ हे नाव घातले होते. २०२०मध्ये काढून टाकले. विंडोजची नवी आवृत्ती चढवली की जुन्या फाइली ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरात जातात, आणि साधारण दहा दिवसांनी तो फोल्डर आपोआप जातो. ‘स्टोरेज सेन्स’ नावाची सोय चालू असेल तर ती कचरापेटीतले तीस दिवसांपूर्वीचे पुसू शकते, आणि सांगून ठेवले असेल तर ‘डाउनलोड्स’मधलेही. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन एकदा त्या खुणा वाचाव्यात. वाचता येत नसेल तर पोरांना मोठ्याने वाचायला लावावे.

ज्यांच्याकडे संगणक नाही, मोबाइलच आहे, त्या ताई-माईंनी एवढे ध्यानात घ्यावे. गुगल फोटोजमधले ‘जागा मोकळी करा’ हे बटण मोबाइलवरची प्रत काढते, वरची ठेवते. पण त्याच ॲपमध्ये फोटो पुसला तर तो वरूनही जातो. वर गेलेला फोटो कचरापेटीत साठ दिवस राहतो, मग संपला. आणि दोन वर्षे खाते उघडलेच नाही तर गुगल ते खातेच बंद करून आतले सारे पुसू शकते. गेलेल्या माणसाच्या मोबाइलचे खाते ज्यांनी तसेच सोडले आहे, त्यांनी आजच उघडून बघावे.

आमच्या घरी आता तीन प्रती असतात. एक संगणकात, एक पेनड्राइव्हवर, तो पेटीत. आणि एक कल्याणबाहेर, नाशिकला बहिणीच्या घरी. पेटीतल्या पेनड्राइव्हवर गाणी भरायची नाहीत असे बायकोने बजावले आहे. दर १४ ऑक्टोबरला तिन्ही प्रती उघडून बघतो. नुसते फाइलचे नाव दिसले म्हणून भागत नाही, ती उघडते की नाही हे बघावे लागते.

दाखल्याचे काम झाले. धाकटा भाऊ दोन दिवसांची रोजी बुडवून रात्रीच्या गाडीने वर्ध्याला आणि तिथून एसटीने गावी गेला. शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी कपाटातले जुने रजिस्टर काढले. पाने करकरत होती, पण १९४५ची नोंद शाबूत होती, बोरूने लिहिलेली. उतारा मिळाला, मुलीचा प्रवेश झाला.

आईच्या चाळीस मिनिटांपैकी दोन मिनिटे सापडली. २०१७ सालीच आम्ही एका गाण्याचा तुकडा मावशीला पाठवला होता. मावशी मोबाइलमधले काहीच पुसत नाही. सकाळच्या फुलांच्या चित्रांनी तिचा फोन भरलेला असतो आणि त्यावरून आम्ही तिला सतत बोलत आलो. तिने बराच वेळ वरवर सरकवत नेले आणि फोन आमच्या हातात दिला. गाण्याच्या शेवटी आई हसते आणि विचारते, ‘झालं का रे, बंद केलंस?’