‘त्यामुळे’च्या नादी लागू नका

सरकारी अधिसूचना वाचायला कंटाळवाणी असते, पण एका बाबतीत तिच्याइतकं सरळ लेखन नाही. ‘ज्याअर्थी’ने सुरू होणारे परिच्छेद कारणं मांडतात आणि ‘त्याअर्थी’ आलं की समजायचं, आता हुकूम येणार. कार्यालयीन आदेशातलं ‘सबब’ही तसंच : ‘सबब, अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.’ (घरी मात्र ‘सबब सांगणं’ म्हणजे खोटं कारण पुढे करणं. कचेरीत जो शब्द निष्कर्षाची वर्दी देतो, तोच घरी कारणावर संशय घेतो!) स्पर्धा परीक्षेतले उतारे असे सरळ वागत नाहीत.

व्यवस्थापन प्रवेशाच्या जीमॅट परीक्षेत भाषा विभागात ४५ मिनिटांत २३ प्रश्न असतात आणि त्यांत चार-पाच ओळींचे युक्तिवाद हमखास येतात. अमेरिकेतल्या कायदा प्रवेशाच्या एलसॅटने ऑगस्ट २०२४पासून ‘लॉजिक गेम्स’ हा कोड्यांचा विभाग काढून टाकला, तेव्हापासून तिथे युक्तिवादांचं वजन आणखी वाढलं. युक्तिवाद बळकट करा, कमकुवत करा, त्यातलं गृहीतक ओळखा, असं काहीही विचारलं तरी आधी एक गोष्ट हाती लागावी लागते : लिहिणाऱ्याला शेवटी पटवायचं काय आहे? तिथेच चूक झाली, तर पुढची सगळी हुशारी वाया.

बहुतेक विद्यार्थी निष्कर्ष शोधताना ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘अर्थात’ असे शब्द हुडकतात. प्रश्न काढणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. हा उतारा बघा :

‘बाजारपेठेच्या रस्त्यावर पे-अँड-पार्क सुरू झालं तर गिऱ्हाईक कमी होईल, असं व्यापारी म्हणतात. ही भीती अनाठायी आहे. आज तिथे सकाळी लावलेल्या गाड्या संध्याकाळपर्यंत हलत नाहीत आणि त्यातल्या बहुतेक दुकानदारांच्याच असतात. पैसे पडू लागले की या गाड्या दुसरीकडे जातील. त्यामुळे खरेदीला येणाऱ्यांना जागा मिळेल.’

‘त्यामुळे’ शेवटच्या वाक्यात आहे, म्हणून घाईत तेच निष्कर्ष वाटतं. पण त्या वाक्याला विचारा, ‘बरं, मग?’ उत्तर येतं : मग व्यापाऱ्यांना घाबरायचं कारण नाही. म्हणजे ते वाक्यही कुणाची तरी पालखी वाहतंय. आता ‘ही भीती अनाठायी आहे’ या वाक्याला ‘का?’ विचारा. खालचा सगळा मजकूर उत्तरासाठी धावून येतो. त्याच वाक्याला ‘बरं, मग?’ विचारलं, तर उताऱ्यात उत्तरच नाही. हाच निष्कर्ष. ‘त्यामुळे’वालं वाक्य हा मधला टप्पा : स्वतः कारणांवर उभं आणि वरच्याला आधार देणारं.

आणखी एक सापळा पहिल्याच ओळीत आहे. व्यापाऱ्यांचं म्हणणं हे लेखकाचं म्हणणं नव्हे. ‘काहींच्या मते’, ‘असा समज आहे’ अशी सुरुवात दिसली की पुढे ते मत खोडलं जाणार, असं निदान मनात धरून वाचावं. आणि ‘ही भीती’ म्हणजे कोणती, ते स्वतः भरून निष्कर्ष पूर्ण करावा : पे-अँड-पार्कमुळे गिऱ्हाईक कमी होणार नाही.

पर्याय वाचताना हे पूर्ण वाक्य फार कामाला येतं. ‘पे-अँड-पार्क सुरू करावं’ असा पर्याय हमखास असतो. वाचताना वाटतं, लेखकाचा रोख तिकडेच आहे की! असेलही, पण तसं त्याने म्हटलेलं नाही. ‘गिऱ्हाईक वाढेल’ हा दुसरा. कमी होणार नाही आणि वाढेल यांत बरंच अंतर आहे. माझ्या मते चांगले विद्यार्थी गुण गमावतात ते इथेच, कारण ते लेखकाच्या एक पाऊल पुढे जाऊन विचार करतात.

या गोंधळाला आपला ‘निष्कर्ष’ हा शब्दही थोडा जबाबदार आहे. ‘विधाने आणि निष्कर्ष’ या प्रकारच्या प्रश्नांत निष्कर्ष आपण काढायचा असतो. इथे तो लेखकाने आधीच काढलेला असतो, आपण फक्त ओळखायचा. दोन्हीला नाव एकच.

निष्कर्ष शेवटीच असतो, हा समजही तपासायला हवा. भारतीय तर्कपरंपरेतल्या न्यायदर्शनात युक्तिवादाचे पाच अवयव, म्हणजे टप्पे असतात; त्यांत तो दोनदा येतो. ‘पर्वतावर अग्नी आहे’ ही प्रतिज्ञा सुरुवातीलाच. मग ‘धूर दिसतो म्हणून’ हा हेतू, ‘जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर’ हे उदाहरण, ‘या पर्वतावर तसाच धूर आहे’ हा उपनय, आणि अखेर निगमन : ‘म्हणून पर्वतावर अग्नी आहे.’ ऐकणाऱ्याला आधी कळतं काय सिद्ध होणार आहे, शेवटी कळतं की ते झालं. परीक्षेतले उतारे इतके उदार नसतात. तिथे प्रतिज्ञा एकदाच, आणि बरेचदा मधोमध.

यूपीएससीच्या सीसॅटमध्येही उताऱ्यांवरचे प्रश्न असतात. तो पेपर फक्त पात्रतेपुरता, ३३ टक्के गुण पुरतात. पण चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात. जुन्या प्रश्नपत्रिका आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पाच उतारे घ्या, पर्याय हाताने झाका, लेखकाला काय पटवायचंय ते एका ओळीत लिहा आणि मगच हात उचला.