गुरुजींच्या ट्रंकेतल्या सात शाली



माझ्या घरी पत्र्याची एक जुनी ट्रंक आहे. तिच्यात सात शाली आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांत तीस वर्षं काढली, त्यातली ही सत्काराची कमाई. नारळ तेव्हाच फोडून खाल्ले, हार शेळीनं खाल्ले, शाली तेवढ्या उरल्या. आपल्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. शाल पांघरायची वेळ वर्षातून किती दिवस येते? घरची मंडळी म्हणतात, 'सातांची मिळून एक वाकळ तरी शिवू द्या.'

डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्म ५ सप्टेंबर १८८८ चा. १९६२ साली ते राष्ट्रपती झाले आणि तेव्हापासून हा दिवस शिक्षक दिन म्हणून पाळला जातो. दिवस चांगला, हेतूही चांगला. पण कुणब्याच्या हिशोबानं पाहिलं तर तो अडचणीतच येतो. कधी पोळा नुकताच झालेला, कधी गणपती तोंडावर आलेले, आणि रानात मुगाच्या शेंगा तोडायला आलेल्या. मग कार्यक्रमाला येतं कोण? व्यासपीठावर पुढारी मंडळी आणि खाली पोरं. ज्यांच्या लेकरांना आम्ही शिकवतो ते आईबाप रानात असतात. त्यांचं काही चुकत नाही. शेंगा तडकून गेल्या तर त्या भरून कोण देणार?

आता खरी गंमत सांगतो. सत्कार गुरुजींचा, पण त्याची तयारी करायची कोणी? गुरुजींनीच. खुर्च्या ग्रामपंचायतीतून आणायच्या, माइक देवळातून आणायचा, फळ्यावर रंगीत खडूनं पाहुण्यांचं नाव लिहायचं. एका वर्षी ऐन वेळी नारळ एक कमी पडला. मी खिशातून पैसे काढून पोराला दुकानात पिटाळलं. अर्ध्या तासानं तोच नारळ टाळ्यांच्या गजरात माझ्या हातात आला. हसावं का रडावं ते समजेना.

पाहुणे अकराला येणार म्हणून निरोप असायचा, गाडी यायची दीड वाजता. तोवर पहिली-दुसरीची लेकरं रांगेत बसून चुळबुळत असायची. खिचडी शिजून गार व्हायची, कारण पाहुण्यांच्या आधी जेवायला सोडलं तर बरं दिसत नाही म्हणे! मग भाषणं. 'शिक्षक हा समाजाचा शिल्पकार आहे,' हे वाक्य मी किती वेळा ऐकलं त्याचा हिशोब नाही. आणि शिल्पकाराच्या शाळेचा पत्रा कुठं गळतो हे विचारायला कुणाला सवड नसायची.

पण दुसऱ्याला नावं ठेवण्याआधी आपली चूक कबूल करावी. एका वर्षी मलाही वाटलं, आदर्श शिक्षक पुरस्कार मिळावा. त्यासाठी प्रस्ताव करावा लागतो, म्हणजे आपणच आपल्या कामाची फाइल बांधायची. दाखले, फोटो, वर्तमानपत्रातली कात्रणं. एक दाखला सरपंचांचा हवा होता. सरपंच मनाचे मोकळे. म्हणाले, 'गुरुजी, तुमी काय बी लिवा, म्या सही करतो.' मग मी माझी स्तुती माझ्याच अक्षरात लिहिली. वृक्षारोपणाचा फोटो नव्हता, म्हणून चार रोपं आणून पोरांना पुन्हा उभं केलं. रोपं फोटोपुरतीच होती, ती पुढं वाळली.

आमची शाळा दोन शिक्षकी, चार वर्ग. मी फाइलीत गुंतलो ते तीन आठवडे तिसरी-चौथीची पोरं पाटीवर शुद्धलेखन गिरवत बसली. त्यांचे बारा ते पंधराचे पाढे त्या वर्षी कच्चे राहिले. पुरस्कार मिळाला नाही. मिळाला असता तर ते पाढे माझ्या कधी ध्यानातही आले नसते, म्हणून न मिळाला तेच बरं झालं.

शालीची चाल आपल्याकडं जुनी आहे बरं का. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी पुण्यात विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीराव फुल्यांचा शाल देऊन सत्कार झाला. सावित्रीबाई पोरींना शिकवायला निघाल्या की लोक शेण-चिखल फेकायचे, त्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. पण त्याच जोतीरावांनी तीस वर्षांनी, १८८२ मध्ये, हंटर आयोगापुढं निवेदन दिलं, त्यात गावच्या मास्तराबद्दल काय मागितलं पाहा. किमान बारा रुपये पगार द्या, मोठ्या गावात पंधरा-वीस द्या, कमी पगाराच्या मास्तराला गावात मान राहत नाही, असं त्यांनी मांडलं. आणि मास्तर असा हवा, की ज्याला नांगराची मूठ धरायची लाज वाटणार नाही. शाल स्वतःच्या अंगावर पडलेली असूनही त्यांनी मास्तरासाठी शाल मागितली नाही.

हे वाचून तुम्ही म्हणाल, गुरुजींना त्या दिवसाचं वावडंच दिसतंय. तसं नाही हो! त्या दिवशीची एक गोष्ट अशी आहे की तिच्यासाठी मी अजून सातदा नारळ विकत आणीन.

आमच्याकडं त्या दिवशी मोठ्या वर्गातली पोरं शिक्षक होतात. मी सातवीपर्यंतच्या एका शाळेवर होतो तेव्हाची गोष्ट. सातवीत एक मुलगी होती, वर्गात कधी तोंड उघडायची नाही. आई ऊसतोडीला जायची, म्हणून अर्धं वर्ष पोरगी आजीजवळ. त्या दिवशी आजीचं लुगडं दोन ठिकाणी खोचून ती पहिलीच्या वर्गावर आली. मी खिडकीआड उभा राहिलो. एक पोरगं रडत होतं. तिनं हातातली पट्टी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, 'आधी पाणी पिऊन ये. मग सांग काय झालं ते.' मंडळी, ते वाक्य माझं होतं! मी रोज म्हणायचो, आणि आपण असं काही म्हणतो हे मलाही माहीत नव्हतं. वर्षभर गप्प बसून ती पोरगी माझं एकेक बोलणं पाहत होती. त्या दिवशी शाल कोणती मिळाली ते आठवत नाही. ते लुगडं मात्र लक्षात आहे.

म्हणून सरपंच, सदस्य आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या मंडळींना सांगणं आहे. सत्कार जरूर करा, पण पोरांच्या तासांवर करू नका. संध्याकाळी करा, म्हणजे रानातनं आलेले आईबापही येतील. पाहुणे उशीर करत असतील तर लेकरांना आधी जेवू घाला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं त्या समितीत पाऊण सभासद पालक असतात, सभासदांत निम्म्या बायका. तिथं हार-फेट्याचा हिशोब विचारायला लाजू नका. त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये लिहिलंय की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडली तर मास्तराला शिक्षणाबाहेरचं काम लावू नये. तेव्हा ऐन शाळेच्या वेळेत सातबाऱ्याचा अर्ज लिहून घ्यायला येणाऱ्यांनी पाच वाजेपर्यंत दम धरावा. येऊ नका म्हणत नाही. मी असे कैक अर्ज लिहिलेत आणि आनंदानं लिहिलेत.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी ५ सप्टेंबरला सातवी शाल मिळाली. कार्यक्रम आटोपला, सतरंज्या गुंडाळल्या. कुलूप लावत होतो तेवढ्यात माझा एक जुना विद्यार्थी आला. शेती करतो, जोडीला वेल्डिंगचं दुकान आहे. हातात हार नव्हता, शिडी होती. म्हणाला, 'गुरुजी, सकाळी रानात होतो, जमलं नाही. किल्ली द्या, कोपऱ्यातला पत्रा बघतो.' त्याच पत्र्याखाली तो स्वतः पहिलीला बसला होता. पावसात आम्ही तिथं बादली ठेवायचो.

अंधार पडेस्तोवर तो वर होता आणि मी खाली बॅटरी धरून. चहाशिवाय त्यानं काही घेतलं नाही. चार दिवसांनी पाऊस झोडपून आला. बादली नेहमीप्रमाणं ठेवली होती, ती संध्याकाळी कोरडीच उचलली.